डावीकडचा खर्ज

बायकोचं ऐकून नवरा बुडाल्याच्या गोष्टी चारचौघांत चवीने सांगितल्या जातात. ही गोष्ट उलटी आहे. इथे नवऱ्याने बायकोचं इतकं ऐकलं, की त्यात तीच बुडाली. तिचे कान जात होते आणि हा शहाणा समोर बसून भिंत दुरुस्त करत होता.

त्याला सगळे मिस्त्री म्हणत. सुरुवात सुतारकामाने झाली. मग स्पीकरची लाकडी खोकी बनवता बनवता आतल्या तारांचं वेड लागलं आणि शेवटी तो स्पीकरच बनवायला लागला. कपाटाएवढी खोकी लोकांच्या खोल्यांत मावेनाशी झाली, तसा तो चपट्या पॅनलकडे वळला. बोटभर जाडीचा फळा, मागे चिकटवलेला, त्याला हलवणारा छोटासा ड्रायव्हर, आणि अख्खा फळाच थरथरून गायला लागतो. भिंतीवर चित्रासारखा टांगला तर पाहुण्याला पत्ताही लागत नाही की आवाज येतोय कुठून. आवाजही कसा, तर निवळलेल्या पाण्यासारखा स्वच्छ. खोट एकच, आणि ती सगळ्या चपट्या पॅनलना असते. बेस, म्हणजे जाड आवाज, नाही.

का नाही, हे मिस्त्री गिऱ्हाइकाला आवडीने समजावून सांगायचा. फळा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागून तेवढीच ओढून घेतो. बारीक आवाज नाकासमोर चालत पुढे निघून जातात, पण जाड आवाज कडेवरून वळसा घालून मागच्या बाजूला जातात आणि दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. एका घरातले दोन भाऊ, तो म्हणायचा, पुढचा हो म्हणतो, मागचा नाही म्हणतो, काम शून्य. या दोन भावांना वेगळं ठेवायचं, हीच त्याची कारागिरी. पॅनल भिंतीपासून किती पुढे टांगायचं, कडेला लाकडी पाखं किती रुंद लावायची, मागे नमदा, म्हणजे लोकरीचा दाबलेला थर, कुठे आणि किती जाड, हे तो खोलीगणिक ठरवायचा.

म्हणजे तो ठरवायचा नाही. बायको ठरवायची.

ती काही गाणारी-वाजवणारी नव्हती. तरुणपणी टेलिफोनच्या कचेरीत जोडणी देण्याच्या कामावर होती. पलीकडचा माणूस नुसता श्वास घेऊन थांबला तरी कोण आहे ते ओळखायची, असं तिच्याबरोबरीच्या बायका सांगत. मिस्त्रीने पहिलं खोकं बनवलं तेव्हा तिने स्वयंपाकघरातूनच सांगितलं होतं, की याच्या पोटात काहीतरी सैल आहे. उघडून पाहिलं तर खरंच एक खिळा निसटला होता. त्या दिवसापासून तिचा शब्द हे त्या घरात ब्रह्मवाक्य झालं.

मागच्या खोलीत त्यांचं कारखाना म्हणावं असं दुकान होतं. तिथे तिची लाकडी खुर्ची होती आणि खुर्चीच्या चारी पायांच्या जागा फरशीवर रंगाने आखलेल्या होत्या. पॅनल हलायचं, पाखं हलायची, कपाटं हलायची, पडदे निघायचे आणि लागायचे. खुर्ची हलायची नाही. ती पदर सारखा करून बसायची, डोळे मिटायची, आणि मिस्त्री हातात पाना घेऊन तिच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. तो बेस म्हणायचा, ती खर्ज म्हणायची. "खर्ज अजून घसरतोय," ती म्हणायची, की हा पाखं बोटभर वाढवायचा. शेवटी कधीतरी ती डोळे उघडून "बसला" म्हणायची. तिने तसं म्हटल्याशिवाय एकही जोडी त्या घरातून बाहेर गेली नाही. लेकीने बापाच्या वाढदिवसाला आवाज मोजायचं चांगलं यंत्र आणून दिलं होतं. मिस्त्रीने त्याचं तोंडभर कौतुक केलं आणि त्याच्यावर फडकं टाकून ठेवलं. घरात सोनं असताना पितळ कोण घासतो, असं त्याचं म्हणणं.

मग वकीलसाहेबांची ऑर्डर आली. दिवाणखान्यासाठी मोठी जोडी हवी होती, आणि खाली बेससाठी लावतात ते वूफरचं खोकं अजिबात नको होतं. चपट्या पॅनलमधूनच खर्ज निघाला पाहिजे, अशी अट. मिस्त्रीला अशा अटी म्हणजे पर्वणीच. त्याने नेहमीपेक्षा मोठे फळे कापले, ड्रायव्हर मधोमध न लावता थोडा बाजूला घेतला, पाखं दुमडती केली आणि जोडी उभी करून बायकोला हाक मारली.

ती बसली. बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "डावीकडचा खर्ज कमी आहे. सगळा उजवीकडे सरकतोय."

या धंद्यातला पहिला धडा अदलाबदलीचा. डाव्यात खोट वाटली तर डावं उजवीकडे लावा आणि उजवं डावीकडे. खोट पॅनलबरोबर गेली तर पॅनलची, नाही गेली तर नाही. मिस्त्रीने अदलाबदल केली. ती पुन्हा बसली आणि पुन्हा तेच म्हणाली. खर्ज अजूनही उजवीकडेच होता.

म्हणजे पॅनल निर्दोष. राहिली काय, तर भिंत. मिस्त्रीने डावी भिंत टकटक करून पाहिली, तर एका ठिकाणी ती खरंच पोकळ वाजली. आता अशी पोकळ जागा कोणत्या जुन्या भिंतीत सापडत नाही? शोधायला निघालं की सापडतेच. त्याला मात्र घबाड मिळाल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी गवंडी आणला, भिंत फोडली, भरली, सुकू दिली. नाचता येईना अंगण वाकडं, असं तो स्वतःच गवंड्याला हसत हसत म्हणाला. ते किती खरं आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

भिंत सुकल्यावर ती बसली आणि तिने मान हलवली. अजून नाही.

मग नमदा झाला. मग डावीकडची खिडकी जाड फळीने बंद झाली. मग डाव्या पॅनलचं पाखं उजव्यापेक्षा रुंद झालं. हे मिस्त्रीच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं, कारण जोडी म्हणजे जुळी भावंडं असा त्याचा नेम होता. रुंद पाखं लावल्यावर ती म्हणाली, आता जरा बरं आहे. त्या दिवशी मिस्त्री शीळ वाजवत जेवला.

याच काळात तिने एकदा सांगितलं, की डाव्या कानाला दडा बसल्यासारखं वाटतं, न्हाताना पाणी गेलं असेल. मिस्त्री म्हणाला, थंडी लागली असेल, कापूस घाल. तिने कापूस घातला. आत काहीतरी गुणगुणतंय, असंही ती मध्ये एकदा म्हणाली. तो म्हणाला, फ्रिज जुना झालाय. त्याने फ्रिजखाली रबराच्या चकत्या लावल्या. हसू येतं ऐकताना, पण हसू नये. त्या घरात काहीही गुणगुणलं तर ते तिच्या कानात नसून बाहेर कुठेतरी असणार, यावर दोघांचीही श्रद्धा होती. निदान तेव्हा तरी तसं वाटत होतं.

वकीलसाहेबांचे फोन सुरू झाले. आयुष्यभर लोकांना तारखा देणाऱ्या माणसावर पहिल्यांदाच तारखा घ्यायची वेळ आली होती आणि ते त्यांना मुळीच आवडत नव्हतं. मिस्त्री त्यांना सांगायचा, अजून बसला नाही, आणि फोन ठेवायचा.

पावसाळा सरून हवा कोरडी झाली आणि तिची तक्रार बदलली. आता खर्ज उजवीकडेही नव्हता. कुठेच नव्हता. हवा बदलली की लाकूड आक्रसतं, मिस्त्रीने स्वतःला समजावलं. त्याने आधीचे फळे माळ्यावर टाकले आणि दोन्ही नवे कापले. पाखं इतकी वाढवली, की पॅनल राहिलं बाजूला आणि खोलीत दोन उघडी कपाटं उभी असल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी आपला अभिमान गिळून त्याने वूफरचं खोकं आणलं, आणि ते खोकं दिसू नये म्हणून तिच्याच जुन्या साडीने झाकलं. खालच्या मजल्यावरचे आजोबा जिना चढून वर आले आणि म्हणाले, मिस्त्री, आमच्या मांडणीवरची भांडी आपोआप चालायला लागलीत, तेवढं बघा. मिस्त्रीने माफी मागितली. मागच्या खोलीत ती शांतपणे खुर्चीत बसली होती. तिला विचारलं तर म्हणाली, पोकळ आहे, पोटात काही नाही.

घरातही कुरबूर वाढली होती. तुम्ही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलता, असं ती म्हणायची. मिस्त्रीचा आवाज मुळातच जाड होता, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. तो मोठ्याने बोलायला लागला. मग ती म्हणायची, ओरडता कशाला. एकदा तो चिडून म्हणाला, की लेक फोनवर बोलते ते सगळं ऐकू येतं, माझंच तेवढं येत नाही, कमाल आहे. ती भाजी चिरत राहिली.

लेक आली ती न कळवता. दाराशी चपला काढतानाच तिच्या पायाला फरशीची थरथर लागली. मागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"बाबा, हे काय लावलंय? छातीत धडधडतंय."

खुर्चीतून आई तिच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, बरं झालं आलीस, तूच ऐक, किती पातळ वाजतंय ते.

लेकीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. मिस्त्रीने जाऊन यंत्रावरचं फडकं उचललं आणि ते सुरू केलं. जाड आवाजांच्या बाजूचा काटा पार टोकाला जाऊन टेकला होता. त्याने ते बंद केलं आणि फडकं पुन्हा नीट चारी कोपरे जुळवून टाकलं. मग वूफर बंद केला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं लोक म्हणतील. म्हणोत बापडे. पण आयुष्यभर ज्या मापाने जग मोजलं, ते मापच झिजलंय असा संशय माणसाला सगळ्यात शेवटी येतो. तराजू खोटा निघाला तर आजवर विकलेल्या सगळ्या मालाचं काय, हा प्रश्न नुसता धंद्याचा नसतो.

कानाच्या डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढ्याच होत्या. त्यांनी तिला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोनचे गोळे चढवले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. मिस्त्री काचेबाहेर उभा होता. ती आपल्या सवयीप्रमाणे पदर सारखा करून, डोळे मिटून बसली. बारीक आवाजांना तिचं बोट झटकन हलत होतं. मग डॉक्टरीणबाई एकेक पायरी खाली यायला लागल्या. जाड, त्याहून जाड. आवाज इतका मोठा केला, की गोळ्यांतून फुटून काचेबाहेर मिस्त्रीला ऐकू यायला लागला. तिचं बोट हललं नाही. चेहऱ्यावर नेहमीचीच शांती होती. मिस्त्रीला वाटलं, धावत आत जावं आणि तिच्या बोटाखालचं बटण आपणच दाबावं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढलेली रेघ दाखवली. खालचे सूर गेलेत, वरचे शाबूत आहेत. असं क्वचित होतं, पण होतं. आधी एका कानाचं, मग दुसऱ्याचं. बायकांचे, मुलांचे आवाज नीट कळतील. जाड आवाजाच्या पुरुषांचं बोलणं कळायला जड जाईल. मग त्यांनी विचारलं, की सुरुवात कधी झाली.

"वकीलसाहेबांचं डावं पॅनल उभं केलं तेव्हा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना ते समजावून सांगावं लागलं. लेकीने सांगितलं. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत आला असतात तर औषधाने पुष्कळांचं परत येतं, त्या म्हणाल्या. दुसरा कान जायला लागला तेव्हा आला असतात, तरी निदान तो राहण्याची आशा होती. आता उरलंय ते जपायचं. एवढे महिने कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

"यांनी माझ्या कानावर कधी शंका घेतली नाही," ती म्हणाली, आणि ते सांगताना तिच्या आवाजात अभिमान होता.

मिस्त्रीच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. पॅनलची अदलाबदल केली, भिंत फोडली, खिडकी बुजवली. तिला फक्त खुर्ची उलटी फिरवून बसवलं असतं तर? खोट खोलीची असती तर खर्ज उजव्या भिंतीकडेच राहिला असता. कानाची असती तर तिच्याबरोबर फिरून डाव्या भिंतीकडे आला असता. एक खुर्ची फिरवायची होती. त्याला लागलं असतं एवढंसं बळ आणि एवढासा वेळ.

लेक घरी आईबापांना जेवू घालून, पुढची औषधं लावून देऊन आपल्या घरी गेली. जाताना बापाला काही लागेल असं बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

मिस्त्रीने वूफर काढला. अवाढव्य पाखं उतरवली. माळ्यावरून वकीलसाहेबांचे पहिले फळे काढून, पहिल्या मापाची पाखं लावून जोडी उभी केली आणि यंत्र लावलं. यंत्राने सांगितलं, की दोन्ही बाजू सारख्या आहेत, आणि चपट्या पॅनलमधून निघू शकतो तेवढा सगळा बेस निघतोय. पहिल्याच दिवशी निघत होता. त्याच्या हातून इतकी चांगली जोडी याआधी बनली नव्हती. आणि ती चांगली आहे, हे त्याला एका डब्याकडून कळत होतं. जोडी वकीलसाहेबांकडे गेली. त्यांनी फोन करून भरभरून कौतुक केलं. त्याने हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. तिला काही सांगितलं नाही.

मग त्याने आवाज बदलला. जाड आवाज कळत नाही ना, मग बारीक बोलायचं. गळा वर ओढून, नाकात, शाळेच्या नाटकात बाईचं काम करणाऱ्या मुलासारखा तो बोलायला लागला. भाजी काय आणू, दूध आलं का, औषध घेतलंस का. तिला कळायचं. पहिल्या दिवशी ती पोट धरून हसली. जिन्यात आजोबांनी ऐकलं आणि विचारलं, मिस्त्री, घसा बसलाय का. तो तसाच बोलत राहिला. बोलून बोलून घसा खरंच बसायला आला.

एका दुपारी तो मागच्या खोलीत फळी तासत होता आणि ती दाराशी येऊन उभी राहिली. त्याने वर ओढलेल्या आवाजात विचारलं, काही हवंय का.

"नका बोलू असं," ती म्हणाली. "माझ्या डोक्यात तुमचा आवाज आहे, तो या आवाजाने पुसला जातोय. नाही कळलं तर नाही कळू दे. तुमच्याच आवाजात बोला. मी ओठांकडे बघेन."

मिस्त्रीने रंधा खाली ठेवला. ती येऊन खुर्चीत बसली, त्याच्या तोंडाकडे बघत. इतकी वर्षं तो तिच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. किती दिवस मनात घोळत असलेलं एकच वाक्य त्याने आपल्या रांजणातल्या आवाजात, हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हटलं.

"मी खुर्ची फिरवून बघायला हवी होती."

तिला कळलं. ती बराच वेळ हातातल्या पदराच्या टोकाशी खेळत राहिली.

"मी फिरवली होती," ती म्हणाली.

त्याला वाटलं, तिला ओठ नीट वाचता आले नाहीत.

"भिंत सुकली, तरी खर्ज बसला नाही, तेव्हा. तुम्ही नमदा आणायला बाहेर गेला होतात. मी खुर्ची फिरवली, तेच गाणं लावलं. खर्ज माझ्याबरोबर फिरला. मला तेव्हाच कळलं."

"मग?" त्याने विचारलं. तिने ते त्याच्या ओठांवर वाचलं.

"मग खुर्ची परत खुणांवर ठेवली. तुम्ही आलात, नमदा दाखवलात, म्हणालात, ऐक गं, आता बसेल. आणि पाना घेऊन उभे राहिलात माझ्याकडे बघत. अहो, जगात तुम्ही एका माणसाचं ऐकत होतात. मी सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही त्या यंत्राकडे बघत उभे राहिला असतात. मला वाटलं, एका कानाने भागवेन. दुसराही जाईल, असं कुठे वाटलं होतं."

मिस्त्री काहीतरी बोलला. खूप बोलला, आणि बोलताना त्याचा चेहरा इतका वेडावाकडा झाला होता, की ओठांवरून एक शब्दही कळण्यासारखा नव्हता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पुढे होऊन तिने आपला तळहात त्याच्या छातीवर, जिथे तो जाड आवाज थरथरत होता तिथे, ठेवला आणि त्याचं बोलून होईपर्यंत तो तसाच ठेवला.